स्वखुशीचं भाषण

कपड्यांच्या दुकानात काचेमागे जे पुतळे उभे असतात, कमरेवर हात ठेवून, जगाची काही पडलेली नाही असा चेहरा करून, ते बनवायचा कारखाना होता तो. आणि त्या चेहऱ्यावरच्या भुवया, पापण्या, ओठ हे सगळं बावीस वर्षं एकाच माणसाच्या हातचं. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी आयुष्यात शाळा शिकवली नव्हती, पण बोलायचे असे की समोरच्याला वाटावं, आता गृहपाठ मिळणार.

मास्तरांची भुवई म्हणजे एक नंबर. श्वास रोखून एका झटक्यात काढायचे, दोन पावलं मागे जायचे आणि स्वतःच म्हणायचे, "वा!" दुसऱ्या कुणाची वाट बघत नसत, कारण दुसरं कुणी म्हणतच नसे. रंगखान्यात सगळे नाकातोंडाला फडकी बांधून काम करणारे. वा म्हणायला तोंड तरी मोकळं हवं ना!

पण त्यांची खरी कीर्ती भुवयांची नव्हती, निरोपाच्या भाषणांची होती. त्या कारखान्याची एक पद्धत होती. कुणाचं काम संपलं, आणि गेली सात-आठ वर्षं एकेकाचं संपतच चाललं होतं, की त्याला नुसतं घरी पाठवत नसत. छे छे, मालक भला माणूस! शनिवारी दुपारी यंत्रं बंद करून मालाच्या गोदामात समारंभ व्हायचा. केक यायचा. मालक दोन शब्द बोलायचे, बोलता बोलता रडायचे, आणि खरं रडायचे, त्यात नाटक नव्हतं. मग जाणाऱ्याला भेट म्हणून पुतळ्याचा एक हात, कोपरापासून पुढचा, सोनेरी रंग दिलेला, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. ज्या घरात असा सोनेरी हात दिसेल, त्या घरातला माणूस कारखान्यातून गेलेला आहे हे खुशाल समजावं. कुणी त्याच्या बोटांना किल्ल्या अडकवत, कुणी छत्री.

आणि शेवटी जाणाऱ्यानं भाषण करायचं. हिशेबनीस ते मोबाईलवर टिपून ठेवायचा. "आठवण म्हणून," असं म्हणायचा.

आता दिवसभर साच्यात डोकं घालून बसणारी माणसं ती, भाषण म्हटलं की त्यांना दरदरून घाम! पुतळ्यांना केस लावणाऱ्या मावशींची पाळी आली तेव्हा त्या रंगखान्यात येऊन म्हणाल्या, "मास्तर, चार ओळी लिहून द्या हो. नाहीतर मी तिथंच चक्कर येऊन पडेन." मास्तरांनी रंगाच्या डब्यावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं. लिहिता लिहिता शेवटी एक वाक्य असं काही सुचलं की त्यांच्याच अंगावर काटा आला. "शहाण्या पाहुण्यानं यजमानाच्या तोंडाकडे बघत बसू नये, आपणहून उठावं. मला कुणी जा म्हटलेलं नाही. मी स्वखुशीनं उठते आहे."

गोदामात हे वाक्य पडलं आणि काय सांगावं! मावशी रडल्या, पॅकिंगवाले रडले, मालकांना तर खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. तिथून पुढे ज्याची पाळी येई तो सरळ मास्तरांकडे. मालकच सांगायचे, "मास्तरांकडून लिहून घ्या." मास्तर बाकीचं भाषण माणसागणिक बदलायचे, पण शेवट तोच ठेवायचे. सोनं कुणी बदलतं का? लोकांनाही तो इतका पाठ झाला की 'मला कुणी जा म्हटलेलं' इथपर्यंत भाषण आलं की अख्खं गोदाम एका सुरात पुरं करायचं, "नाही! स्वखुशीनं!" आणि टाळ्यांचा कडकडाट.

हिशेबनीसालाही वाक्य फार आवडलं. त्यानं ते छापूनच घेतलं. भाषण झालं, डोळे अजून ओले आहेत, हातात केकची बशी आहे, तेवढ्यात तो एक कागद पुढे करायचा. वर मास्तरांचं वाक्य आणि खाली सहीची जागा. आपलं वाक्य छापलं गेलं याचा मास्तरांना केवढा अभिमान! एकच गोष्ट सलायची. वाक्याखाली त्यांचं नाव नव्हतं. बायकोला म्हणायचे, "लोक टाळ्या वाजवतात, पण लिहिलं कुणी, हे एक जण विचारत नाही." बायको म्हणायची, "कुणी विचारत नाही तेच बरं आहे." तिला काही माहीत होतं असं नव्हे, तिला नुसता कंटाळा आला होता.

तर एका मंगळवारी मालकांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बसा." कारखान्यात म्हणच पडली होती, मालक बसा म्हणाले की माणूस उठला समजा. तेवढ्यात चहा आला, म्हणजे शंकाच नको.

"जगाला चेहरा नको झालाय, मास्तर," मालक म्हणाले. टेबलावर एक नवा नमुना ठेवला होता. खांद्यांवर नुसतं गुळगुळीत डोकं, ना नाक, ना डोळे. "गिऱ्हाईक म्हणतं, अंड्यासारखं डोकं द्या. बघणाऱ्याचं लक्ष कपड्यांवर राहतं."

"आणि भुवया?" मास्तरांनी विचारलं.

"अंड्याला कुठं भुवया असतात?" मालक म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "शनिवारी मोठा समारंभ करू. दोन केक मागवतो. तुमचं भाषण म्हणजे मास्तर, सगळ्यांचं सोडा, मीच वाट बघतोय."

केबिनमधून बाहेर येताना मास्तरांच्या डोळ्यांपुढे घराचे हप्ते नाचत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, कर्ज फिटायला अजून तीन वर्षं. पन्नाशी उलटलेल्या भुवईवाल्याला आता नोकरी देणार कोण? पण माणूस कसा असतो बघा. रंगखान्याच्या दारापर्यंत पोचेतो त्यांच्या मनात दुसराच विचार सुरू झाला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोललो, आता स्वतःच्या तोंडून. सुरुवात कशानं करावी?

घरी बायको शेजारणीच्या कपड्यांना टिपा मारत होती. ऐकून तिनं मशीन थांबवलं. "आणि हप्ते?"

"मालक काहीतरी करतीलच."

"केक करतील," बायको म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ती रागावली की मशीन जोरात चालवायची. त्या दिवशी टिपा फार लांब लांब पडल्या.

गुरुवारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करायची. तोंडानं फटकळ, मनानं साफ. ती आली होती पडदे शिवायला टाकायला. पण मास्तरांना आयता श्रोता मिळाला. तिला खुर्चीत बसवलं, बायकोलाही मशीनवरून उठवलं, आणि खिडकीपाशी उभं राहून त्यांनी भाषण म्हणून दाखवलं. पहिला ब्रश, पहिली बिघडलेली भुवई, रंगाच्या वासानं दुखणारं डोकं आणि वर आपलं ते वाक्य. शेवटचा शब्द हवेत सोडून ते थांबले.

मेहुणी पदर डोळ्यांना लावत होती. "सुंदर, भावोजी. पाणी आलं डोळ्यांत."

"आलं ना?" मास्तर खूश.

"हो. तुमचं घर जाणार म्हणून आलं."

मास्तरांना काही कळेना. तिनं पर्स बाजूला ठेवली. "मला एक सांगा, तुम्ही जाताय की तुम्हाला काढताहेत?"

"तसं काढताहेत असं म्हणता येणार नाही. मालकांचा नाइलाज आहे."

"नाइलाज असू दे. तुम्ही मंगळवारी सकाळी घरून निघालात तेव्हा नोकरी सोडायचं ठरवलं होतं?"

"छे! मी तर नवा ब्रश घेऊन गेलो होतो."

"मग तुम्हाला काढलंय. आता नीट ऐका. काढायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर नोटिशीच्या मुदतीचा पगार द्यावा लागतो. वर जितकी वर्षं राबलात, तितक्या वर्षांच्या हिशेबानं भरपाई. ही काही मेहेरबानी नाही, कायदा आहे. मालक रडो नाहीतर हसो. पण माणूस आपणहून गेला, तर भरपाई नाही आणि नोटिशीचा पगारही नाही. राहिलेला पगार, साठलेली रजा, असं सगळ्यांनाच मिळतं तेवढंच घ्यायचं आणि चालायला लागायचं. म्हणून तर काढलेल्या माणसाकडून 'आपणहून चाललो' असं वदवून घेतात. आमच्याकडे अशा फायली रोज येतात. कुणी धमकावून वदवून घेतं, कुणी दारं बंद करून. केक देऊन वदवून घेणारे मी पहिल्यांदाच बघते."

बायको पुढे सरकली. "बावीस वर्षांची भरपाई म्हणजे हप्ते फिटतील?"

"फिटून वर तुलाही नवे पडदे होतील."

"आणि हे वाक्य म्हटलं तर?"

"तर चित्रीकरण आहे, सही आहे, टाळ्या वाजवणारे साक्षीदार आहेत. आमच्या वकीलबाईसुद्धा हात टेकतील." मेहुणी मास्तरांकडे वळली. "आणि पाहुणा कसला, भावोजी? बावीस वर्षं घाम गाळणारा पाहुणा तुम्ही कुठं बघितलात?"

बायकोनं हळूच विचारलं, "मग याआधी जे गेले, त्यांना काय मिळालं?"

"हात मिळाला," मास्तर म्हणाले.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं," बायको म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि ते वाक्य तुमचंच ना हो?"

"मी ते साहित्य म्हणून लिहिलं होतं!" मास्तर उसळून म्हणाले. मग त्यांनीच पडलेल्या आवाजात विचारलं, "वाक्य म्हणून चांगलं आहे, एवढं तरी मान्य आहे ना?"

शुक्रवारभर त्यांनी नवा शेवट शोधला. पण भरपाई हा शब्दच असा की कुठल्या वाक्यात बसवला तरी पाटावर बूट घालून बसल्यासारखा दिसे. 'कायद्यानं देय असलेली रक्कम' म्हणून बघितलं. शी! एवढा मोठा वक्ता, आणि शेवटी लोकांपुढे उधारी वसूल करणाऱ्या वाण्यासारखं बोलायचं? एकदा तर मनात आलं, मरू दे ते घर, वाक्य म्हणून टाकू. मग बायको टिपा उसवताना दिसली. मंगळवारच्या रागात घातलेल्या सगळ्या लांब टिपा ती बसून उसवत होती. मास्तरांनी कागद चुरगाळून टाकला.

शनिवारी गोदाम खच्चून भरलं होतं. एका बाजूला जुन्या चेहऱ्यांचे पुतळे, मास्तरांच्या हातच्या भुवया उंचावून उभे होते. दुसऱ्या बाजूला नवे अंडीवाले. मधे खुर्च्या, दोन केक, आणि पहिल्या रांगेत साचेकाका.

साचेकाका म्हणजे हातानं साचे घडवणारे जुने कारागीर. साचे कापायचं यंत्र आलं तेव्हा त्यांना नारळ मिळाला, त्याला दोन वर्षं झाली. आता एका वाहनतळावर स्टुलावर बसून गाड्या राखतात. पण निरोपाचा समारंभ एकही चुकवत नाहीत. काही जण म्हणतात केकसाठी येतात. स्वतः काका म्हणतात, मास्तरांच्या शब्दांसाठी. काकांच्या भाषणाला तर मास्तरांनी जीव ओतला होता, आणि काकांनीही ते महिनाभर आधीपासून घोकलं होतं.

मालक बोलले, रडले, बसले. सोनेरी हात टेबलावर आला. हिशेबनीसानं मोबाईल सरसावला. मास्तर उठले आणि सवयीनं बोलायला लागले. पहिला ब्रश झाला, बिघडलेली भुवई झाली, हशा झाला. अन्‌ बोलता बोलता, उतारावरच्या गाडीसारखे ते आपोआप तिथंच येऊन पोचले. "शहाण्या पाहुण्यानं..." गोदाम सावरून बसलं. "...मला कुणी जा म्हटलेलं..."

मास्तर थांबले. त्यांना थांबायचंच होतं. पण श्रोते थांबतात होय!

"नाही! स्वखुशीनं!" अख्खं गोदाम ओरडलं. टाळ्या पडल्या, मालकांनी रुमाल काढला, हिशेबनीस एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन पुढे झाला. मास्तरांनी तोंड न उघडता त्यांचं भाषण पुरं झालं होतं.

"थांबा," मास्तर म्हणाले. कुणी ऐकलं नाही. "थांबा म्हणतो ना! म्हटलंय!"

टाळ्या विरळ झाल्या. "काय म्हटलंय, मास्तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला जा म्हटलंय. मंगळवारी, केबिनमध्ये, चहा देऊन." मास्तर मोबाईलकडे वळून बोलले. "मी पाहुणा नव्हतो इथं, कामाला होतो. मी उठलेलो नाही, मला काढलंय. आणि काढलंय तर काढल्याचे पैसे द्या. नोटिशीचे आणि बावीस वर्षांचे."

ना उपमा, ना अलंकार. आयुष्यातलं सगळ्यात बेढब वाक्य बोलून मास्तर उभे राहिले. आधी लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तर गंमत करताहेत, आता काहीतरी जोरदार येणार. मग काही येईना, तसं हसू ओसरलं.

मालक उठले. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि दुखावलेल्या मालकासारखा वाईट प्राणी नाही. "मास्तर," ते म्हणाले, "पैशांची गोष्ट? आज? केकसमोर?"

हिशेबनीसानं पटकन मोबाईल खाली घेतला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून साचेकाका म्हणाले, "बंद का केलंस रे? माझ्या वेळी तर केक संपेपर्यंत चालू होतं." काका उठून मास्तरांपाशी आले. "मास्तर, असं म्हणता येतं?"

"येतं, काका."

"आणि म्हटलं की पैसे मिळतात?"

"मिळायला हवेत. कायदा आहे."

"मग माझ्या भाषणात का नाही घातलंत हो?" काकांनी विचारलं. "माझं पाठांतर चांगलं होतं."

त्यांनी हे भांडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. मास्तरांपाशी भांडणाला उत्तर होतं, कुठल्याही भांडणाला असायचं. पण काका खरंच विचारत होते. सोनेरी हात तिथंच टेबलावर ठेवून मास्तर घरी निघाले. मागे कुणीतरी केक कापायला घेतला, फुकट कशाला घालवायचा!

चार दिवसांनी हिशेबनीस मास्तरांच्या दारात हजर. गुळाच्या ढेपेसारखं गोड बोलत होता. "मालकांचं मन मोठं. भरपाई देताहेत तुम्हाला, सगळी. पुढच्या महिन्यात. फक्त एक करा, बाकीच्यांच्या भानगडीत पडू नका. ते म्हातारे साचेवाले सरकारी कामगार कार्यालयात जाऊन आलेत म्हणे. जाऊ देत. तुम्ही मात्र कुठे सहीबिही करू नका. नाहीतर कसं होतं मास्तर, खटल्यांना वर्षं लागतात, आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो." चहा घेऊन गेला. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावं.

मेहुणीला विचारलं. ती म्हणाली, "तुमचे पैसे त्यांना बुडवता येणार नाहीत. चित्रीकरणात तुम्ही चक्क 'मला काढलंय' म्हटलंय. पण रखडवायचं ठरवलं तर रखडवतील. आणि काकांचं म्हणाल, तर त्यांच्या तोंडचं वाक्य त्यांचं नव्हतं, सगळ्यांना एकच वाक्य तयार मिळत होतं, हे कुणीतरी सांगितलं तरच त्यांचा अर्ज उभा राहील. कुणीतरी म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानं."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी जा म्हटलं, तर हप्ता चुकला की माझ्याकडे बोट दाखवाल. नको म्हटलं, तर काका दिसले की दाखवाल. काय करायचं ते स्वखुशीनं करा." आणि मशीनकडे वळली. मशीन मात्र तिनं हळू चालवलं.

पुढे मास्तरांचे पैसे आले. उशिरा आले, तीन तुकड्यांत आले, आणि मधल्या काळात मास्तरांना दुकानांच्या पाट्या रंगवत फिरावं लागलं. पण सोमवारी सकाळी ते साचेकाकांना घेऊन कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा त्यांना एवढंच माहीत होतं की आज आपण बहुधा घर घालवून येणार.

अधिकारी बाई वयस्कर होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्यापुढे काकांचा अर्ज होता आणि कारखान्यानं पाठवलेला, काकांच्या सहीचा, छापील वाक्याचा कागद. बाईंनी मोबाईलवर काकांचं भाषण लावलं. हिशेबनीसानं पुरावा म्हणून तेही पाठवलं होतं. खोलीत काकांचा आवाज घुमला, मग टाळ्या, मग मालकांचं हुंदके देणं. ऐकताना काका मान हलवत होते, ओठांतल्या ओठांत शब्द पुटपुटत होते. अजून एकही विसरले नव्हते.

बाईंनी मोबाईल बंद केला आणि कागद वर धरून ते वाक्य वाचून दाखवलं, सामानाची यादी वाचावी तसं. पाहुणा, यजमान, स्वखुशी. मग त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं.

"हे लिहिलं कुणी?"

इतकी वर्षं मास्तर या प्रश्नाची वाट बघत होते. गोदामात, रंगखान्यात, झोपेत. मनातल्या मनात त्यांनी याचं उत्तरही पन्नासदा घोळवून ठेवलं होतं, नम्र, छोटंसं, हात जोडून देण्याजोगं.

"मी," ते म्हणाले.

"फक्त यांचं?"

"सगळ्यांचं. केसवाल्या मावशींपासून. जितके गेले तितक्यांचं. त्यातला एकही आपणहून गेला नव्हता, बाई. ते शब्द त्यांचे नाहीत. माझे आहेत."

बाईंनी ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाल्या, "चांगलं लिहिता हो तुम्ही."

मास्तरांना वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. ते खाली बघत राहिले. बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. वर तेच वाक्य, त्याखाली चार ओळींचा जबाब. "इथं नाव लिहा. पूर्ण."

एका झटक्यात भुवई काढणारा तो हात, पण पेन टेकेना. तोवर शेजारी बसलेले साचेकाका पुढे वाकले. बाई नुसतं 'चांगलं' म्हणून थांबल्या होत्या, ते काही त्यांना पटलं नव्हतं.

"चांगलं म्हणजे काय, बाई," काका म्हणाले, "मी म्हटलं तेव्हा अख्खं गोदाम रडलं होतं. घरी पोचेपर्यंत मला स्वतःलाच वाटत होतं, की मी खरंच आपणहून निघालो."

मास्तरांनी नाव लिहिलं.